वाढलेल्या आयुष्याची किंमत कशी काढायची, घरच्या एक्सेलवर

भाचीला बारावीत अर्थशास्त्राचं प्रोजेक्ट मिळालं, श्रीमंत आणि गरीब देशांची तुलना. तिने एक्सेलमध्ये दोन कॉलम केले, देशाचं नाव आणि दरडोई उत्पन्न, मोठ्यापासून लहानापर्यंत लावले आणि म्हणाली मावशी, झालं. मी म्हटलं बाय, झालं नाही, यात माणूस किती वर्षं जगतो ते कुठाय? दरमहा पन्नास हजार मिळणारा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी गेला आणि तीस हजार मिळणारा ऐंशीपर्यंत जगला तर कोणाचं बरं झालं, हे तुझ्या शीटवरून कळणारच नाही. मग दोन संध्याकाळी बसून आम्ही तिसरा कॉलम केला. तो कसा केला ते इथे लिहिते, कारण हा हिशोब कठीण आहे असं सगळ्यांना वाटतं आणि तो तसा नाहीये. मी गोव्यात डिचोलीत एका पतसंस्थेत बावीस वर्षं कर्जाचे हप्ते काढतेय, तेच गणित इथे लागतं.

आधी आकडे गोळा करायचे. प्रत्येक देशाचे चार आकडे पुरतात: सुरुवातीच्या वर्षाचं दरडोई उत्पन्न, शेवटच्या वर्षाचं दरडोई उत्पन्न, आणि त्या दोन्ही वर्षांचं सरासरी आयुर्मान. वर्ल्ड बँकेच्या साइटवर दोन्ही फुकट मिळतात, आयुर्मान संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अंदाजातही असतं. उत्पन्न घेताना दोन गोष्टी सांभाळा, एक म्हणजे महागाई वजा केलेलं घ्या, आणि दुसरं म्हणजे क्रयशक्तीप्रमाणे बदललेलं घ्या, नुसत्या डॉलरच्या भावाने नको, कारण शंभर रुपयांत म्हापशाच्या बाजारात जे येतं ते शंभर रुपयांच्या डॉलरमध्ये न्यूयॉर्कला येत नाही. भारतातल्या राज्यांची तुलना करायची असेल तर रजिस्ट्रार जनरलच्या नमुना नोंदणीचे, म्हणजे एसआरएसचे, आयुर्मानाचे तक्ते घ्या.

आता आयुर्मान म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले चुकतात. एखाद्या देशाचं आयुर्मान ४५ म्हटलं की लोकांना वाटतं तिथे सगळे पंचेचाळिशीत मरतात. तसं नसतं. माझ्या आजीचंच सांगते. तिला आठ मुलं झाली. तीन लहानपणीच गेली, एक वर्षाचं असताना, एक दोन वर्षांचं, एक तीन. बाकीचे पाच जगले ते ७०, ७४, ७८, ८१ आणि ८२ वर्षं. आठही जणांची वर्षं मिळवली तर ३९१ होतात, आठने भागलं की जवळपास ४९. म्हणजे आजीच्या घरातलं आयुर्मान ४९, पण त्या घरात चाळिशी पन्नाशीत एकही माणूस गेला नाही. तीन मुलं गेली नसती आणि तीही बाकीच्यांएवढी जगली असती तर सरासरी ७७ झाली असती. आयुर्मान पंचेचाळीसवरून पासष्टला गेलं असं वाचलं की त्यातला मोठा भाग पाळण्यातली मुलं वाचली असा असतो, म्हाताऱ्यांना वीस वर्षं वाढवून मिळाली असा नाही. हे डोक्यात ठेवूनच पुढचे आकडे वाचा.

पहिला हिशोब अगदी साधा, गुणाकाराचा. दोन काल्पनिक देश घेऊ, गोल आकडे, म्हणजे डोक्यात बसेल. अ देशाचं दरडोई उत्पन्न चाळीस वर्षांत २,००० डॉलरवरून ४,००० झालं आणि आयुर्मान ४५ वरून ६५. ब देशाचं उत्पन्न २०,००० वरून ४०,००० आणि आयुर्मान ७० वरून ७६. नुसतं उत्पन्न बघितलं तर दोघेही दुप्पट झाले, वर्षाला पावणेदोन टक्के वाढ, दोघांमधलं अंतर आहे तिथेच, दहा पट. आता उत्पन्न गुणिले आयुष्य करा. अ चं ९०,००० चं २,६०,००० झालं, म्हणजे २.८९ पट. ब चं १४ लाखांचं ३० लाख ४० हजार, म्हणजे २.१७ पट. वार्षिक वाढ काढली तर अ ची २.७ टक्के आणि ब ची २ टक्क्यांच्या किंचित खाली. गरीब देश मागे राहिला नाही, तो जवळ आला! भाची इथे थांबली आणि म्हणाली म्हंजे आमच्या पुस्तकातला ग्राफ अर्धाच आहे. तेच.

पण हा गुणाकार थोडा लबाड आहे, त्याला दुरुस्त करायला लागतं. वाढलेली वर्षं आयुष्याच्या शेवटाला जोडली जातात, आणि साठ वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो, हे पतसंस्थेतल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून सवलतीचा दर लावायचा. एक्सेलमध्ये पीव्ही नावाचं फंक्शन आहे, ज्याने आपण कर्जाची आजची किंमत काढतो तेच, त्यात दर ३ टक्के, वर्षाला हप्ता एक आणि कालावधी म्हणून आयुर्मान टाका (उत्तर वजा चिन्हाने येतं, घाबरू नका). ४५ वर्षांचे २४.५ येतात, ६५ चे २८.५, ७० चे २९.१ आणि ७६ चे २९.८. बघा, २० वर्षं वाढली तरी आजच्या हिशोबात ती फक्त सोळा टक्के झाली, आणि श्रीमंत देशाची सहा वर्षं तर अडीच टक्केसुद्धा नाहीत. आता अ ची एकूण वाढ २.३२ पट आणि ब ची २.०५ पट, वर्षाला साधारण २.१ आणि १.८ टक्के. फरक कमी झाला पण दिशा तीच राहिली. मात्र मगाशी आजीच्या घराचं सांगितलं ते आठवा, मुलं वाचली असतील तर वाढलेली सगळी वर्षं शेवटाला जोडलेली नसतात, काही मधे, भर तारुण्यातही असतात, म्हणून हा पीव्हीवाला हिशोब गरीब देशाला जरा कमीच मोजतो. जमत असेल तर वयानुसार मृत्यूदराचे तक्ते घेऊन करा, नसेल जमत तर दोन्ही उत्तरं लिहा आणि खरं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी आहे असं स्पष्ट लिहून टाका.

आता मुख्य भाग, ज्याच्यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. वर्षाची किंमत म्हणजे त्या वर्षाची कमाई, असं आपण वर धरलं. पण ते खरंय का? माणूस जगतो ते फक्त कमावण्यासाठी आणि खर्चण्यासाठी नाही, चवथीला सगळे घरी जमतात त्याला किंमत आहे, नातवाला उचलून घेण्याला आहे, आणि त्याची पावती कुठे फाटत नाही. ही किंमत लोक स्वतः किती लावतात ते काढायची एक पद्धत अर्थशास्त्रज्ञांनी शोधली, धोक्याच्या कामाचा जास्तीचा पगार बघायचा. समजा एका धोक्याच्या कामावर दहा हजार माणसं आहेत आणि त्या कामात वर्षाला सरासरी एक माणूस जातो, आणि तशाच पण बिनधोक कामापेक्षा प्रत्येकाला वर्षाला १०,००० रुपये जास्त मिळतात. म्हणजे दहा हजार जणांनी मिळून एका मृत्यूच्या धोक्यासाठी दहा कोटी रुपये घेतले. याला संख्याशास्त्रीय जीवाची किंमत म्हणतात. नाव ऐकून अंगावर येतं, माझ्याही आलं, पण लक्षात घ्या ही कोणा एका माणसाची किंमत नाही, ही थोडा धोका कमी करायला लोक किती सोडायला तयार आहेत त्याची बेरीज आहे. आणि आमच्या इथे खाणीवर, ट्रकवर, ट्रॉलरवर काम करणाऱ्यांना दुसरं काम मिळतच नसेल तर जास्तीचा पगार कुठून मिळणार, त्यामुळे गरीब भागात हा आकडा खऱ्या इच्छेपेक्षा कमी येतो, ही अडचण मी भाचीला प्रोजेक्टमध्ये ठळक अक्षरात लिहायला लावली.

असे पगाराचे अभ्यास श्रीमंत देशांत भरपूर आहेत, गरीब देशांत थोडे. मग काय करतात, तर श्रीमंत देशाचा आकडा घेऊन उत्पन्नाच्या प्रमाणात खाली आणतात. अमेरिकेचा आकडा गोल धरून १ कोटी डॉलर घ्या, तिथलं उत्पन्न ८०,००० धरा आणि दुसऱ्या देशाचं १०,०००, म्हणजे आठवा भाग. सरळ प्रमाणात आणलं तर साडेबारा लाख डॉलर येतात. पण काहीजण म्हणतात गरिबाला आधी पोट भरायचं असतं, म्हणून आकडा प्रमाणापेक्षा जास्त खाली येतो. वर्ल्ड बँकेने २०१६ च्या हवा प्रदूषणाच्या अहवालात गरीब आणि मध्यम देशांसाठी १.२ असा घातांक धरला होता, आणि तो धरला की आठ पटीचे (आठचा १.२ वा घात) बारा पट होतात आणि साडेबारा लाखांचे सव्वाआठ लाख. एका घातांकाने एक तृतीयांश किंमत गेली. म्हणून दोन्ही करून बघा आणि दोन्ही लिहा.

आणि इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. हे आकडे ज्या देशाचे त्या देशातच वापरायचे, तिथल्याच लोकांनी तिथलाच पैसा कुठे खर्च करायचा ते ठरवायला. एका देशाचं नुकसान दुसऱ्याने केलं असेल तेव्हा हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बेरीज केली की अन्याय होतो. १९९५ च्या सुमारास आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या मंडळाच्या अहवालात हेच झालं, श्रीमंत देशातल्या मृत्यूला गरीब देशातल्या मृत्यूपेक्षा दहा-पंधरा पट किंमत धरलेले अंदाज त्यात आले आणि भारतासकट बऱ्याच देशांनी जोरदार हरकत घेतली. बरोबरच होतं. धूर एकाने सोडायचा आणि पाण्याखाली जाणाऱ्याचा जीव स्वस्त धरायचा, हे गणित बरोबर असलं तरी हिशोब चुकीचा आहे. तुलना करायची असेल तर रुपयांची करू नका, टक्क्यांची करा, म्हणजे प्रत्येक देशाच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या किती पट मिळालं ते. आम्ही तेच केलं.

सोपा रस्ता हवा असेल तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१३ मध्ये "ग्लोबल हेल्थ २०३५" या अहवालात काढलेला गुणक वापरा: गरीब आणि मध्यम देशांत वाढलेल्या एका वर्षाची किंमत साधारण दरडोई उत्पन्नाच्या २.३ पट. त्याच अहवालात असं निघालं की २००० ते २०११ या काळात या देशांच्या पूर्ण उत्पन्नात, म्हणजे कमाई अधिक वाढलेलं आयुष्य यात, जी वाढ झाली तिच्यातला सुमारे २४ टक्के वाटा वाढलेल्या आयुष्याचा होता. जवळजवळ पाव हिस्सा, आणि तो जीडीपीत कुठेच दिसत नाही.

तुमचं उत्तर बरोबर आलं का ते ताडून बघायला मोठा अभ्यास आहे, अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर, टॉमस फिलिप्सन आणि रॉड्रिगो सोआरेस यांचा २००५ चा. त्यांनी ९६ देश घेतले, १९६० ते २०००. १९६० मध्ये जे गरीब अर्धे देश होते त्यांची पूर्ण उत्पन्नातली वाढ वर्षाला ४.१ टक्के, त्यातले १.७ आरोग्यामुळे. श्रीमंत अर्ध्यांची २.६, त्यात आरोग्याचे फक्त ०.४. नुसत्या उत्पन्नाच्या आकड्यांत त्या काळात देशांमधली दरी कमी झालेली दिसत नव्हती, आयुष्य धरल्यावर दिसायला लागली. आमच्या अ आणि ब देशांचीही दिशा तीच आली, म्हणून भाचीला जाम आनंद झाला.

हे झालं कसं, तेही लिहा, नाहीतर प्रोजेक्ट कोरडं होतं. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवलं की १९३० ते १९६० च्या दशकांमध्ये जगाचं आयुर्मान जे वाढलं त्यातला ७५ ते ९० टक्के भाग उत्पन्न वाढल्यामुळे नव्हता, लस, औषधं, डास आटोक्यात येणं, स्वच्छतेची माहिती अशा गोष्टींमुळे होता. माझं आवडतं उदाहरण १९७१ चं आहे, बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती, सलाइन संपलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज म्हणजे साखरच, खाण्याचा सोडा आणि पाणी यांचं मिश्रण पिंपांमधून वाटलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. साखर मीठ! वर्षं स्वस्तात मिळाली म्हणून गरीब देश पुढे आले.

आपल्या देशातच बघायचं असेल तर एसआरएसचा तक्ता उघडा. १९७०-७५ मध्ये उत्तर प्रदेशचं आयुर्मान ४३.० होतं, केरळचं ६२.०, देशाचं ४९.७. २०१४-१८ मध्ये उत्तर प्रदेश ६५.३, केरळ ७५.३, देश ६९.४. म्हणजे उत्तर प्रदेशला २२ वर्षं मिळाली आणि केरळला १३. दर कॅलेंडर वर्षामागे उत्तर प्रदेशात साधारण सहा महिने आयुष्य वाढत गेलं. एक वर्ष जगायचं आणि अर्धं वर्ष वरून मिळायचं. कोणत्या बँकेत मिळतो हा दर?

उलट्या दिशेचा हिशोबही नक्की करून बघा, कारण उत्पन्न वाढतंय म्हणून सगळं ठीक असं वाटून घ्यायची सवय त्यानेच मोडते. बोट्सवाना घ्या, हिऱ्यांमुळे उत्पन्न भराभर वाढलं, जगात नावाजलं गेलं, आणि त्याच काळात एड्समुळे आयुर्मान साठीच्या वरून पन्नाशीच्या आसपास घसरलं. उत्पन्नाची रेघ वर आणि आयुष्याची खाली. तुमच्या तिसऱ्या कॉलममध्ये ते लगेच दिसेल. मग २००२ पासून सरकारने औषधं फुकट द्यायला सुरुवात केली आणि रेघ परत वर वळली. रशियाचंही करा, १९९१ नंतर तीन वर्षांत पुरुषांचं आयुर्मान सुमारे सहा वर्षांनी खाली आलं होतं.

आता आपला गोवा. इथे अडचण अशी की एसआरएसच्या आयुर्मानाच्या तक्त्यात गोवा नसतोच, राज्य लहान आहे म्हणून. दरडोई उत्पन्नात आपण देशात अगदी वरच्या नंबरात, पण आयुर्मानाचा कॉलम रिकामा. मग जवळचे आकडे वापरा. २०२० च्या एसआरएसमध्ये हजार जन्मांमागे वर्षाच्या आतले बालमृत्यू देशात २८ आणि गोव्यात ५. म्हणजे स्वस्तातली वर्षं आपण मिळवून बसलोय, पाळणे भरलेले राहतायत. रेबीजचं बघा, कुत्र्यांना घरोघरी, वाड्यावाड्यावर जाऊन लस टोचली आणि २०१८ पासून काही वर्षं राज्यात रेबीजने एकही माणूस गेला नाही.

पण पुढची वर्षं महाग आहेत. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या अभ्यासात मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के मोठ्या माणसांना. चारातला एक, आणि वर. आता आयुष्य वाढवायचं तर ते मीठ-साखरेच्या पाण्याने होणार नाही, वीस वर्षं गोळ्या, तपासण्या, डोळे, किडनी, हृदय, आणि हार्ट अटॅक आला तर तासाभरात ईसीजी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरपर्यंत पोचायला हवा. बेकर यांच्या त्या अभ्यासातही हेच निघालं होतं, पन्नाशीनंतरचे मृत्यू श्रीमंत देशांत आधी कमी झाले आणि त्याने दरी वाढवायला हातभार लावला. आपल्या राज्याचा हिशोब आता त्या बाजूला चाललाय, म्हणून आरोग्य केंद्रातल्या साखरेच्या तपासणीवर किती खर्च होतो हे बघताना त्याच्या समोर वाढलेल्या वर्षाची किंमत, दरडोई उत्पन्नाच्या २.३ पट, मांडून बघा, मग तो खर्च वाटत नाही.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, ती म्हणजे म्हातारी माणसं म्हणजे भार असं मांडणं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीवरचे ११.२ टक्के होते, देशात ८.६. लगेच कोणीतरी लिहितं अवलंबितांचं प्रमाण वाढलं, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे राज्य सरकारच्या पेन्शनचे, पैसे दर महिन्याला कुठून द्यायचे. खर्च आहेच, तो लपवायचा नाही, प्रोजेक्टमध्ये एक वेगळा कॉलम करून वजा दाखवा. पण ज्या शीटमध्ये तो वजा दाखवला त्याच शीटमध्ये वाढलेलं वर्ष अधिकमध्ये दिसलं पाहिजे, नाहीतर तुम्ही वहीची एकच बाजू भरलीत.

शेवटी भाचीने एक स्वतःचा तक्ता जोडला, तो तुम्हीही करा. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून जन्ममृत्यूची नोंद आहे, तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात जुन्या वह्यांचे उतारे मिळतात, भाषा पोर्तुगीज असते पण नाव आणि तारीख कळते, आणि नाही कळलं तर घरातलं वयस्कर माणूस वाचून देतं. तीन पिढ्या घ्या, प्रत्येकाचं जन्मवर्ष आणि किती जगला ते लिहा, पिढीची सरासरी काढा. आमच्या तक्त्यात आजीची पिढी, मग बाबा धरून आठ भावंडं, मग आम्ही. बाबांच्या रांगेत लहानपणीच गेलेल्यांची तीन नावं लिहायची होती आणि त्यातल्या एकाचं नाव घरात कोणालाच आठवेना, वर्षाचं होऊन गेलेलं ते. भाचीने तिथे नुसतं "मुलगी, १ वर्ष" असं टाइप केलं आणि सरासरीत धरलं.